तोगाशीच्या वाटणीचं धावणं

कोबीच्या वावराच्या कडेला अवजारं ठेवायची पत्र्याची शेड होती. तिच्या मागे, सावलीच्या अंगाला, रिकाम्या क्रेटांची चवड लावलेली. अरामाकी त्या चवडीवर बसला होता. बसून राहणं हेच त्याचं आजचं धावणं होतं.

वाऱ्याला कोबीचा वास होता, कच्चा, हिरवा, जरासा उग्र. डोंगराच्या डोक्यावर ढग टेकला होता, दमलेल्या माणसाने उंबऱ्यावर टेकावं तसा. मधूनच वरच्या रस्त्याने कुणीतरी पळत जायचं. बुटांचा आवाज यायचा, पागोळ्या गळाव्यात तसा एका लयीत, आणि अरामाकी पाय पोटाशी ओढून घ्यायचा. एके काळी हा आवाज कानावर पडला की त्याच्या पोटऱ्या आपोआप थरथरायच्या. आता तो आवाज लांब जाईपर्यंत तो पावलं मोजत राहायचा.

सकाळची दौड सगळ्यांनी मिळून करायची, रांगेत, शिट्टीवर. दुपारची मात्र ज्याची त्याची. कुठल्या वाटेने जायचं, किती जायचं, ते ज्याच्या त्याच्या इमानावर. उसामी सर शिबिराच्या पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सकाळी मी तुम्हाला बघतो. दुपारी तुमचं तुम्ही बघा." त्या इमानावर अरामाकी रोज इथे येऊन बसत होता.

वेळ भरत आली की तो उठायचा. शेडखालून पाट वाहत होता. डोंगरातलं पाणी, हाडापर्यंत गार. ओंजळीने ते छातीवर मारायचं, पाठीवर मारायचं, काखेत, मानेवर. केस भिजवायचे. मग शेवटच्या वळणापासून, संघ उतरला होता त्या उतारघरापर्यंत जीव खाऊन पळायचं, धाप लागावी म्हणून. धाप तेवढी खरी असायची.

आजही तो तसाच अंगणात शिरला.

अंगणात तोगाशी होता. तोगाशी म्हणजे धावपटूंच्या संघाचा व्यवस्थापक. वय तेच, वर्ग तोच, विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी दोघांची एकच खोली. गळ्यात घड्याळ, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी, आणि पुढ्यात घामट कपड्यांची टोपली. उतारघरात कपडे धुण्याचं यंत्र एकच, तेही आजारी म्हाताऱ्यासारखं कण्हणारं. म्हणून निम्मे कपडे तो हातानेच काढायचा.

"आलास? काढ शर्ट."

"राहू दे. मी धुतो माझा."

"हो का? मग मी काय करू, ढग मोजू? काढ लेका."

नळाखाली डोकं धरून बसलेल्या कोइदेने मान वर केली. कोइदे त्यांच्याच वर्षातला. त्याचं तोंड त्याच्या पायांपेक्षा जोरात धावायचं. "बघा, बघा, अरामाकीसाहेब. आपण नुसते ओले होतो, हे चिंब होतात. म्हणून तर ते जानेवारीच्या दौडीत खांद्यावर संघाचा पट्टा घालून पळणार आणि आपण रस्त्याच्या कडेला झेंडे हलवणार."

"तू झेंडा तरी सरळ धर," तोगाशी म्हणाला. "गेल्या वर्षी उलटा धरला होतास."

सगळे हसले. अरामाकीही हसला. हसताना गाल आखडतात हे त्याला अलीकडेच कळू लागलं होतं.

त्याने शर्ट काढून दिला. तोगाशीने तो हातात घेतला, क्षणभर धरून ठेवला, आणि टोपलीत टाकला. "पाय कसे आहेत?"

"ठीक आहेत."

"उद्या लांबची दौड आहे. सर तुझ्याकडेच बघणार आहेत. जेव नीट."

आत माजघरात ओकुनो काकू कुट्टूचं पीठ दळत होत्या. उतारघर त्यांचंच. रात्रीच्या शेवयांचं पीठ त्या गिरणीतून आणत नसत. दगडाचं लहानसं जातं, त्याची घरघर, आणि घरघरीवर चढवलेलं एक जुनं गाणं:

*दोघांचं पीठ दळते, खाणारी मी एकली*
*दगडाला काय ठाऊक, कुणाची भूक सरली*

"काकू, किती रडकं गाणं हो," कोइदे दारातून ओरडला. "काका गेले की काय?"

"गेलाय कुठला मेला. टीव्हीपुढे बसलाय, कुस्ती बघत. गाणं आपलं सासूबाईंचं. जात्याबरोबरच आलंय, आता टाकू कुठे?"

अरामाकी न्हाणीघराकडे निघाला होता. दोघांचं पीठ, या शब्दांशी त्याचं पाऊल अडलं. मग तो पुढे गेला.

*

त्यांच्या संघात एक रीत होती. तशी ती नुसत्या त्यांच्याच संघात नव्हती. जिथे जिथे पोरं त्या नव्या वर्षाच्या दौडीसाठी पळतात, तिथे तिथे ती थोड्याफार फरकाने असते. दुसऱ्या वर्षाचा शरद आला की त्या वर्षाच्या पोरांनी आपल्यातला एक जण काढून द्यायचा. त्याने पळणं सोडायचं आणि बाकीच्यांचं बघायचं. पाणी, वेळ, कपडे, गाड्या, डॉक्टर, सरांचा राग. कोण, ते सर ठरवत नाहीत. पोरांनीच ठरवायचं, भोजनगृहातल्या लांब टेबलाशी बसून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून.

शाळेपासून दुधावर आणि घामावर वाढलेली पोरं. त्यातल्या एकाला म्हणायचं की तुझे पाय आता पुरे.

मागच्या वर्षी, त्यांच्या शरदात, ते रोज संध्याकाळी बसत. रोज गप्प बसत. पण गप्प बसण्यातही नजरा असतात, आणि नजरा दोघांवरच यायच्या. अरामाकीवर आणि तोगाशीवर. दोघेही मागे पडलेले. दोघांचीही वर्षभरात हाडं दुखली होती. तोगाशीची नडगी नुकती बरी झाली होती, आणि बऱ्या झालेल्या पायाने तो कसा पळतो ते अरामाकीने एका सकाळी धुक्यात पाहिलं होतं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. ते अरामाकीने टेबलावर सांगितलं नाही.

सांगितलं नाही, आणि वर तो रडला. पहिल्यांदा तोच रडला. "मला अजून पळायचंय," म्हणाला, आणि टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. ते रडणं खोटं होतं का? नव्हतं. पण रडता रडता त्याच्या मनाचा एक कोपरा कोरडा होता. तो कोपरा बघत होता की तोगाशी काय करतो. तोगाशीला तो ओळखून होता. तोगाशी असा, की शेवटचा घास ताटात राहिला तर तो दुसऱ्याकडे सरकवणार.

तोगाशीने टोपी काढली, टेबलावर ठेवली, आणि म्हणाला, "मी होतो. माझं मन तसंही निघालंय यातून."

नंतर न्हाणीघरात, गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून दोघे बसले होते. वाफेत तोंड दिसत नव्हतं, म्हणून अरामाकीला बोलता आलं. "तुझ्या वाटणीचंही मी पळेन."

"पळ," तोगाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने आपले नवेकोरे शूज आणून दिले. दोघांचं माप एकच. लेसा हिरव्या, कोवळ्या भातासारख्या. "हे असले की उगाच पाय शिवशिवतात. घाल तू."

आणि अरामाकीने शब्द पाळला. इथेच सगळं बिघडलं. दुसरा कुणी असता तर बोललेलं विसरला असता. अरामाकी आपली दौड संपवायचा, दारापर्यंत यायचा, आणि दाराला हात लावून पुन्हा वळायचा. आता तोगाशीची. कुणाला न सांगता तीच वाट तो दुसऱ्यांदा पळायचा. पावसात पळला, तापात पळला. पळताना पायांत हिरव्या लेसा हलायच्या आणि त्याला वाटायचं, फिटतंय. आज थोडं फिटलं. उद्या आणखी थोडं.

काही महिने पाय पळाले, आणि पळाले ते भलतेच पळाले. तो मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आला. सर बोलू लागले, धाकटी पोरं वळून बघू लागली. तोगाशी वेळ ओरडून सांगायचा तेव्हा त्याचा आवाज फाटायचा. ते शूज झिजले, तळ गुळगुळीत झाला, तेव्हा अरामाकीने ते वसतिगृहाच्या मागच्या कचऱ्याच्या टोपल्यात टाकले. टाकताना वाईट वाटलं. पण टाकले.

मग वसंतात केव्हातरी विहिरीचं पाणी तुटावं तसं झालं. आधी झोप गेली, मग जेवणाची चव. भात कापसासारखा लागायचा. सकाळी उठल्या उठल्या काळीज असं धडधडायचं, जणू रात्रभर कुणी त्याला पळवून आणलंय. पाय दुखत नव्हते. दुखले असते तर बरं झालं असतं, दाखवता आले असते. फक्त, पाय त्याचे राहिले नव्हते.

आणि ज्याने आपलं सगळं देऊन टाकलं, त्याला जाऊन सांगायचं काय? की तू दिलंस ते आता मला नको?

*

सकाळी डोंगर मोकळा होता. लांबची दौड पठाराला वळसा घालून होती. कोबीच्या, सलादपाल्याच्या वावरांतून, गोठ्यांवरून, पुन्हा वर. सर पांढऱ्या व्हॅनमध्ये मागून. तोगाशी सायकलवर, पुढे मागे, पाण्याच्या बाटल्या घेऊन. शेतकरी केव्हाचे उठले होते. गाडीत कोबी भरता भरता एक म्हातारी ओरडली, "अरे, कोण मागे लागलंय रे तुमच्या?" कोइदे पळता पळता ओरडला, "म्हातारपण, आजी."

गोठ्यांपर्यंत अरामाकी घोळक्यात होता. चढ लागला तसा घोळका त्याच्या हातून निसटला. पुढच्याच्या पाठीवर डोळे लावले होते. ती पाठ लहान होत गेली, आणि त्याला ती गाठावीशीही वाटली नाही. सर्वांत भयंकर हेच होतं. राग नाही, ईर्ष्या नाही. जात असेल तर जाऊ दे.

सायकल शेजारी आली. "पाणी घे. खांदे सोड. या वळणापर्यंत फक्त. पुढचं पुढे बघू."

अरामाकीने बाटली घेतली नाही. वळण आलं आणि तो चालू लागला. मग थांबला. हात गुडघ्यांवर.

व्हॅन येऊन उभी राहिली. काच खाली आली. उसामी सरांचा चेहरा रापलेला, भुवया पांढऱ्या. ते ओरडत नसत, त्यामुळे पोरं त्यांना जास्त भीत. "काय झालं?"

"पोट," अरामाकी म्हणाला. "पोटात कळ आली."

सरांनी त्याच्याकडे बघितलं. एवढा वेळ बघितलं की अरामाकीला वाटलं, आता पाटाचं पाणी, क्रेट, सगळं त्यांना दिसणार. तेवढ्यात तोगाशी सायकलवरून उतरला, टोपी काढली आणि वाकला.

"चूक माझी आहे, सर. सकाळी दूध मी फ्रिजमधून काढून तसंच दिलं. थंडगार. कोमट करायचं राहिलं."

"बाकीच्यांचं पोट बरं राहिलं ते कसं?"

"याने दोन पेले घेतले. मीच दिले आग्रहाने."

"लांबच्या दौडीच्या सकाळी?" सर शांतपणे म्हणाले. "इतके महिने हे काम करतोस. जे पायांनी शक्य नाही ते तू डोक्याने करशील म्हणून तुझ्यावर सोपवलं. आणि दूध गरम करता येत नाही?"

"चुकलो, सर."

अरामाकीने सकाळी दूध घेतलंच नव्हतं. पेला तसाच ठेवून तो उठला होता, आणि पेले उचलणाऱ्या तोगाशीला ते ठाऊक होतं. आता बोल, अरामाकी स्वतःला म्हणाला. आत्ता बोल. तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते इतकंच, "दुपारपर्यंत बरं वाटेल, सर."

व्हॅनमध्ये मागच्या बाकावर बसून तो उतारघरी आला. काचेतून मागे बघितलं तर तोगाशी अजून रस्त्यात उभा होता, टोपी हातात, वाकलेला.

*

दुपारी त्याला पडून राहायला सांगितलं होतं. काकूंनी पेज आणून ठेवली, सोबत उमेचं खारवलेलं आंबट फळ. "पोटाचं दुखणं काय रे, या वयात पोट म्हणजे विहीर. मनात तर काही नाही ना? पोरगी बिरगी?"

"नाही काकू."

"मग खा. पोरगी नसेल तर खायला काय हरकत आहे?"

त्याने दोन घास खाल्ले. पेज गोड होती, म्हणूनच गिळवेना. सगळी पोरं दुपारच्या दौडीला पांगली, तसा तो मागच्या दाराने निघाला आणि पाय त्याला शेडमागेच घेऊन आले. लपायची आता गरज नव्हती. पण दुसरीकडे कुठे जावं हेही त्याला सुचलं नाही.

तो क्रेटांवर बसला असेल नसेल, तोच वावरांमधल्या कच्च्या वाटेने कुणीतरी येताना दिसलं. त्या वाटेने पोरं कधी पळत नसत, तिथे खडे होते. येणारा एकटाच होता. डोक्यावर विटलेली टोपी. गळ्यात घड्याळ, उडू नये म्हणून एका हातात धरलेलं.

तोगाशी पळत होता.

आणि काय पळत होता. नदी उतारावर जशी आपली आपण जाते. हिरव्या रांगांच्या मधून त्याचं डोकं वाहत आल्यासारखं येत होतं, ना वर ना खाली. चेहऱ्यावर एक सैल हसू होतं, कुणाला दाखवायला नसलेलं. अरामाकीने मागच्या वर्षीच्या धुक्यात पाहिलेली तीच चाल.

वाट शेडजवळून वळत होती. तो जवळ आला तेव्हा अरामाकीची नजर त्याच्या पायांवर गेली. टाच झिजून एका बाजूला कललेली. कडा उसवलेल्या, चिकटपट्टीने गुंडाळलेल्या. लेसा मातकट झाल्या होत्या, पण गाठीपाशी, जिथे ऊन पोचत नाही, तिथे अजून हिरव्या होत्या.

अरामाकी उठला. क्रेट गडगडली.

तोगाशी थांबला. हसू मिटलं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले, एकाच झाडावरच्या आंब्यांना आलेल्या दोन चोरांसारखे.

"तू झोपलेला असायला हवास," तोगाशी म्हणाला.

"तू कपडे धूत असायला हवास."

"भिजत घातलेत."

पाटाचं पाणी बोलत राहिलं.

"ते टाकले होते मी," अरामाकी म्हणाला.

"टाकलेच होतेस. टोपलं कोण रिकामं करतं?" तोगाशीने पाय जरा मागे घेतले, लपवल्यासारखे. "सरांना सांगणार असशील तर सांग. पण पोरांना नको. त्यांच्यासमोर म्हटलं होतं मी, मन निघालं म्हणून. आता पळताना दिसलो, तर एकेकाच्या घशात घास अडकेल."

"निघालं नव्हतं?"

"पळताना बघितलंस ना आत्ता? मग विचारतोस काय?"

अरामाकी खाली बसला, मातीतच. आणि मग जे बाहेर आलं ते एका ओळीत आलं नाही. आधी पाट आला, मग क्रेट, मग दुधाचा पेला. मग मागचं सगळं, धुक्यातली ती सकाळ, तोगाशीचा बरा झालेला पाय, जो त्याने पाहिला होता आणि टेबलावर सांगितला नव्हता. रडण्यातला तो कोरडा कोपरा. दारापर्यंत येऊन पुन्हा वळणं. "रोज दोनदा. एकदा माझं, एकदा तुझं. तू दिलंस ते फुकट जाऊ नये म्हणून. आणि आता माझ्यात काहीच उरलं नाही. मला पळायचंच नाहीये, तोगाशी. तुझ्यासमोर हे म्हणायला जीभ कशी वळते माझी."

तोगाशी क्रेटवर बसला आणि म्हणाला, "रोज दोनदा?"

"हो."

"माझ्या नावाने?"

"हो."

"कुणाला विचारून?" त्याचा आवाज चढला. तो असा चढलेला अरामाकीने कधी ऐकला नव्हता. "मी रोज तुझी दौड मोजायचो. तेवढ्यावर तुझी विश्रांती ठरवायचो, खाणं ठरवायचो. वसंतापासून डोकं फोडतोय, हा वाळत का चाललाय, माझं कुठे चुकतंय. झोपताना तेच, उठताना तेच. आणि हे साहेब माझ्या पाठीमागे माझंच नाव घेऊन पळतायत."

"मी म्हटलं होतं तुला. न्हाणीघरात. तुझ्या वाटणीचंही पळेन म्हणून."

"अरे, ते म्हणायचं असतं. कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण नाही का म्हणत, काही लागलं तर सांगा? म्हणून कुणी खरंच त्यांचं पाणी भरायला जातं?" तो थांबला. "आणि मी मेलोही नव्हतो, अरामाकी. मी इथेच होतो. तुझ्यासाठी भाताचे गोळे वळत होतो."

अरामाकी बोटाने माती उकरत राहिला.

"माझं धावणं माझ्या पायात होतं. जेवढं होतं तेवढं. खड्यांवरून, फाटक्या शूजमध्ये, चोरून. पण माझं. तू कुणाचं पळालास ते तुझं तू बघ."

"आणि रडणं?"

"ते खोटं होतं?"

"माहीत नाही. अर्धं."

तोगाशीने पाटात खडा टाकला. "मी मात्र पूर्ण रडण्याला पूर्ण दिलं." मग हळू, "अर्धं असतं तरी दिलं असतं बहुतेक. माझा स्वभावच गाढवाचा. पण ते मला ठरवू द्यायचं होतंस. पायाचं बोलला असतास तर पोरं वेगळं बोलली असती की नाही, ते आता कुणाला कळणार?"

ते कुणालाच कळणार नव्हतं. अरामाकीला तेच बोचत आलं होतं आणि पुढेही बोचणार होतं.

"शर्टाचं तुला कळलं होतं," तो म्हणाला.

"पहिल्या दिवशीच. घामाच्या शर्टाला वास येतो, तुझ्याला गाळाचा यायचा. मला वाटलं पाटात डुंबला असेल. मग रोजच. विचारणार होतो. पण मी स्वतःच या वाटेच्या वरच्या टोकाला चोरून पळून आलेला असायचो, आज पहिल्यांदाच इथवर उतरलो. चोराने चोराला काय विचारायचं?" तो उठला. टोपी झटकली. "पळत नाहीस त्याचा मला राग नाही. दमतो माणूस. पण मी ते शर्ट दोन्ही हातांनी चोळले, अरामाकी. तू पळून आलायस असं धरून चोळले. ते मी एवढ्यात विसरणार नाही."

"माफी मागतो."

"मागून ठेव. चल."

"कुठे?"

"सरांकडे. सकाळी दुधाचं खोटं बोललो, ते मला पचलेलं नाही."

*

उसामी सर ओसरीवर बसून उकडलेलं कणीस खात होते. त्यांनी दोघांचं सगळं ऐकलं. मध्ये एकदाही कणीस खाली ठेवलं नाही आणि एकदाही चावलं नाही. मग बोटं पुसून अरामाकीचं मनगट धरलं. नाडीवर बोट ठेवून डोंगराकडे बघत राहिले.

"झोप कधीपासून नाही?"

"वसंतापासून."

"म्हणजे मी सकाळी बघतो म्हणालो होतो, ते मीही बघितलं नाही," सर म्हणाले, आणि हात सोडला. "शूज तोगाशीकडे दे. मी सांगेपर्यंत मागायचे नाहीत."

"सर, जानेवारी..."

"जानेवारी आपल्या पायांनी येते. तिला आणायला तू पळत जायला नको. ती आली तेव्हा पाय असले तर पळ, नसले तर झेंडा धर. कोइदेकडून शिक." मग ते तोगाशीकडे वळले. "दुपारचे कपडे हा धुईल. तू जिथे जातोस तिथे जा. त्या कच्च्या वाटेने नको, तिथे ट्रॅक्टर वळणावर भोंगा वाजवत नाहीत."

तोगाशीने मान वर केली. सर पुन्हा कणसाकडे वळले होते.

रात्रीच्या जेवणाला अरामाकी उभा राहिला आणि आपल्या वर्षाच्या पोरांना सांगितलं. पाटाचं सांगितलं, धुक्यातल्या सकाळचं सांगितलं. शेवया वाडग्यांत फुगत राहिल्या. एक जण उठून बाहेर गेला, त्याने जाताना दार जरा जोराने लावलं. मग कोइदे म्हणाला, "त्या शरदात मीही रडायच्या बेतात होतो. तू आधी सुरू केलंस." तो हसला नाही, आणि दुसरंही कुणी हसलं नाही. त्याने लोणच्याची बशी अरामाकीकडे सरकवली, आणि अरामाकीला ती घ्यावी लागली.

अरामाकीने आपले शूज धुऊन, वाळवून, तोगाशीच्या दाराशी नेऊन ठेवले. "तुझे फाटलेत. माप एकच आहे."

"मला नकोत. माझे मला झालेत," तोगाशी म्हणाला, आणि ते उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवले, हात सहज पोचणार नाही अशा.

दुसऱ्या दिवशीपासून अंगणात अरामाकी बसू लागला. कॉलर कशी चोळायची, काखेत साबण किती वेळ ठेवायचा, यंत्र कण्हायचं थांबलं तर कुठे थाप मारायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. पोरं शर्ट टाकून जायची. काही जण "घे रे" म्हणायची, काही जण न बोलता. रोज दुपारी बुटांचा आवाज लांब जायचा. तो ओले हात मांडीवर ठेवून आवाज विरेपर्यंत थांबायचा, मग पुढचा शर्ट घ्यायचा. झोप लगेच आली नाही. पण एका दुपारी टोपलीशेजारी भिंतीला टेकून तो पेंगला आणि काकूंनी त्याच्या डोक्यावर पंचा टाकला, उन्हाचा.

माजघरातून जात्याची घरघर येत होती तेव्हा तोगाशी डांबरी रस्त्याने, सगळ्यांच्या देखत, पळत आला. घड्याळ गळ्यात नव्हतं. ते तो जाताना कट्ट्यावर ठेवून गेला होता. तो अंगणात वाकून धापा टाकत उभा राहिला. मग शर्ट काढला आणि लांबूनच अरामाकीच्या तोंडावर फेकला.

"धू. हा खरा आहे."

शर्ट जड होता. गरम होता. पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती, कुठल्याशा नकाशातल्या किनाऱ्यासारखी.

"तोगाशी."

"काय?"

"ती मागून ठेवलेली माफी."

"अजून नाही," तोगाशी म्हणाला, आणि नळाखाली डोकं धरलं.

अरामाकीने साबण घेतला. रेघेवर चोळला, बोटांनी, मग तळव्याने, मग दोन्ही हातांनी. रेघ जात होती, पण हळू. आत काकूंनी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.